जांघेतली खाज दर पावसाळ्यात परत का येते?

जून लागला की आमच्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांचा आवाज खाली येतो. तापाची गोळी मागताना कोणी लाजत नाही. जांघेतल्या खाजेवर काही हवं असलं की मात्र माणूस आधी ओआरएसची पुडी घेतो, दाढीची पाती बघतो, बाजूचं गिऱ्हाईक जाईपर्यंत रेंगाळतो आणि मग पुढे वाकून म्हणतो, "ता गेल्या वर्षीचा मलम दी रे." बायका तर बहुतेक वेळा स्वतः येतच नाहीत. मुलाच्या हातात रिकामी ट्यूब देऊन त्याला पिटाळतात.

किनाऱ्यावर राहायचं तर हे भोगायचंच, अशी एक समजूत आहे. ती अर्धी खरी आहे, कारण हवेचं आपण काही करू शकत नाही. पण काउंटरच्या आतल्या बाजूने बघताना एक गोष्ट ठळक दिसते. दर वर्षी 'परत येणारी' ही खाज बहुतेकांच्या बाबतीत गेलेलीच नसते. ती दबून असते. आणि तिला दाबून ठेवणारी वस्तू म्हणजे पुष्कळदा तीच, गेल्या वर्षीची ट्यूब.

घडीत काय होतं

कातडीला कातडी टेकते अशा जागा आपल्या अंगावर बऱ्याच आहेत. काखा, जांघा, स्तनांच्या खालची घडी, पोट सुटलं असेल तर ओटीपोटावर पडणारी वळी, ढुंगणाची खाच, पायाच्या बोटांची बेचकी. गुटगुटीत बाळाला मानेवर आणि मांड्यांवरही वळ्या असतात. या जागांना वारा लागत नाही. घाम अंगाला थंड करतो तो वाळताना, आणि वाळायला हवा कोरडी लागते. रत्नागिरीला वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या दिवसांत हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली सहसा उतरत नाही. उघड्या पाठीवरचा घाम जिथे वाळत नाही तिथे दोन मांड्यांत अडकलेला घाम कुठून वाळणार?

कातडीचा सगळ्यात वरचा थर चपट्या, मेलेल्या पेशींचा असतो आणि तोच आपली राखण करतो. तो सतत ओला राहिला की फुगतो, पांढुरका आणि मऊ पडतो, बराच वेळ कपडे धुतल्यावर बोटांची टोकं होतात तसा. मग चालताना घासून तो सोलवटतो. शिवाय निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो. कोंदलेल्या घडीत तो वर सरकतो, आणि एरवी गुमान राहणाऱ्या बुरशीला आणि जिवाणूंना मोकळं रान मिळतं.

कोकणातली कामंही अशी की ओल टळत नाही. लावणीच्या दिवसांत बाई सकाळी काष्टा मारून चिखलात उतरते ती दिवस कलल्यावरच बांधावर येते. तोवर ओला काष्टा मांड्यांना घासत असतो. बाजारात मासे विकायला बसणारीचं लुगडं बर्फाच्या पाण्याने भिजलेलं असतं. खलाशाची अडचण आणखी वेगळी. समुद्राच्या पाण्याने भिजलेली चड्डी वाळली तरी तिच्यातलं मीठ तिथेच राहतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून खाऱ्या पाण्याचे कपडे हाताला कायम दमट लागतात. वर मिठाचे कण कातडीला घासतात ते वेगळंच. समुद्रात डुंबलं की खाज जाते असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. डुंबून आल्यावर गोड्या पाण्याने अंग आणि कपडे दोन्ही धुतले नाहीत तर ती वाढते.

दिसायला एक, मुळात वेगळे

लोकांच्या लेखी घडीतलं सगळं लाल म्हणजे 'नायटा' आणि त्यावर मलम एकच. खरं तर तिथे निदान चार वेगळे आजार होतात आणि त्यांची औषधं वेगळी आहेत.

पहिलं म्हणजे नुसतं घासून सोलवटणं. डॉक्टर त्याला इंटरट्रायगो म्हणतात. घडीच्या दोन्ही बाजूंना सारखीच लाली, खाजेपेक्षा आग जास्त, वास, कधी मधोमध चीर. यात बुरशी असेलच असं नाही. जागा कोरडी ठेवली आणि झिंक ऑक्साइडचा जाडसर थर लावून घासणं थांबवलं तर पुष्कळदा एवढ्यावर भागतं. बाळाच्या मानेखालची लाली बहुधा याच जातीची असते, आणि तिच्यावर मोठ्यांच्या ट्यूबा चोळणं हा निव्वळ अत्याचार आहे.

अशीच जागा ओली राहिली की तिथे कॅन्डिडा नावाची यीस्ट, म्हणजे एका जातीची बुरशीच, वाढते. मग कातडी लालभडक आणि ओलसर दिसते, कधी वर दह्यासारखा पांढरा थर येतो, आणि मुख्य चट्ट्याच्या बाहेर छोटे छोटे लाल ठिपके किंवा पुळ्या विखुरलेल्या दिसतात. हे बाहेरचे ठिपके ही तिची खूण. स्तनांच्या खाली आणि पोटाच्या वळीखाली ही जास्त, मधुमेह असलेल्यांना तर फारच.

खरा नायटा, म्हणजे गजकर्ण, वेगळ्या बुरशीचा. ही बुरशी कातडीतल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. चट्टा कडेने पुढे सरकतो. कड उंचावलेली, लाल, कोंडा धरलेली, आणि मधला भाग निवळत चाललेला. जांघेतून मांडीवर, मागे ढुंगणावर, वर कमरेला परकराच्या नाडीच्या जागी असा तो फिरतो. पुरुषांत अंडकोषाची पिशवी बहुतेक वेळा यातून सुटते, कॅन्डिडात ती सुटेलच असं नाही. खाज मात्र अशी की रात्री झोपेतही हात जातो.

चौथा आजार कुणाच्या ध्यानीमनीही नसतो, एरिथ्राझ्मा. जांघेत किंवा काखेत तपकिरी, सपाट, बारीक कोंड्याचा डाग असतो आणि खाज नसल्यातच जमा. हा जिवाणूचा आजार आहे, बुरशीचा नाही. वुड्स लॅम्प नावाच्या जांभळ्या उजेडाखाली तो पोवळ्यासारखा लालसर चमकतो, आणि जिवाणूंवरच्या मलमाने जातो.

याशिवाय सोरायसिस घडीत लपून बसतो. तिथे त्याला नेहमीची चंदेरी खपली नसते, त्यामुळे तो चकवतो. डिओडरंट, चड्डीचं इलास्टिक, पावसात तासन्‌तास बदलता न आलेला सॅनिटरी पॅड, यांनीही पुरळ उठतं. आणि घरातले सगळेच रात्री खाजवत असतील, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुळ्या असतील, तर ती खरूज. तिचं प्रकरणच निराळं.

हे सगळं नुसत्या डोळ्यांनी ओळखताना डॉक्टरही कधी कधी अडखळतात. त्यासाठी एक स्वस्त तपासणी आहे, केओएच. चट्ट्याच्या कडेवरचा कोंडा बोथट पात्याने काचपट्टीवर खरवडून घेतात. दुखत नाही, रक्त येत नाही. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून थोडा वेळ थांबलं की कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात. सूक्ष्मदर्शकाखाली मग बुरशीच्या आडव्यातिडव्या, फांद्या फुटलेल्या तारा दिसतात. गजकर्ण असेल तर तारा, कॅन्डिडा असेल तर तारांबरोबर कळ्या फुटल्यासारखे गोल. ज्यांनी वर्षानुवर्षं अंदाजाने ट्यूबा घेतल्या त्यांनी एकदा तरी ही करून घ्यायला हवी होती, असं मला नेहमी वाटतं.

ट्यूबवर काय लिहिलंय

आता त्या गेल्या वर्षीच्या ट्यूबकडे वळू. पोराने आणलेली, तळापासून गुंडाळत आणलेली चपटी ट्यूब मी उलटी करून बारीक अक्षरं वाचतो. बहुतेक वेळा तिथे तीन-चार नावं सापडतात. एक बुरशीवरचं औषध, एक-दोन जिवाणूंवरची, आणि एक क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन. हे शेवटचं स्टेरॉइड.

स्टेरॉइड सूज आणि खाज मारतं, आणि ते झपाट्याने मारतं. दोन दिवसांत लाली उतरते, माणूस खूश होतो, ट्यूब कपाटात जाते. पण खाज आणि लाली ही आपल्या शरीराने बुरशीशी चालवलेल्या झगड्याचीच खूण होती. स्टेरॉइडने तो झगडाच थांबवला. बुरशी तशीच, उलट जास्त निवांत. दहा-पंधरा दिवसांनी ती पुन्हा वर येते, आधीपेक्षा मोठ्या जागेवर. मग पुन्हा तीच ट्यूब, कारण 'हिनेच गुण आला होता'.

असं महिनोन्‌महिने चाललं की नायट्याचा चेहरामोहरा बदलतो. कड पुसट होते, चट्ट्यात चट्टा, कड्यात कडं उमटतं, आणि अनुभवी डॉक्टरलाही तो पटकन ओळखू येत नाही. घडीतली कातडी आधीच पातळ, वर ती झाकलेली, त्यामुळे तिथे स्टेरॉइड जास्त मुरतं. कातडी आणखी पातळ होते आणि मांडीच्या आत गर्भारपणानंतर पोटावर राहतात तसे पण रुंद, लालसर व्रण उमटतात. ते पुढे फिके पडतात, पुसले मात्र जात नाहीत. विशीतल्या पोरांच्या जांघेत मी ते पाहिलेत.

स्टेरॉइडची मलमं मुळात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. सरकारने २०१८ मध्ये लावायच्या स्टेरॉइडांना शेड्यूल एचच्या यादीत घट्ट बसवलं, आणि त्वचारोगतज्ज्ञांची संघटना आयएडीव्हीएल त्याआधीपासून यावर ओरडत होती. तरी ती मिळतात. यात आमच्या धंद्यातल्यांचाही हात आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं, दुकानदार देतो, दोघांनाही घाई असते.

तेव्हा ट्यूब हातात आली की स्वतः वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' असेल, किंवा क्लोबेटासॉल असेल, तर ते स्टेरॉइड. घोळ होतो तो क्लोबेटासॉल आणि क्लोट्रिमाझोल यांत. दुसरं साधं, जुनं, बुरशीवरचं औषध आहे. ऐकायला जवळची ही दोन नावं काम मात्र अगदी उलटं करतात.

स्टेरॉइड वाईटच असं मात्र नाही. सोरायसिसमध्ये, एक्झिमामध्ये डॉक्टर ते मोजून देतात, किती दिवस ते सांगून देतात. घडीतल्या बुरशीवर अंदाजाने लावलेलं स्टेरॉइड ही तक्रार आहे.

बुरशीही शहाणी झाली

जुने लोक म्हणतात, पूर्वी पंधरा दिवस मलम लावलं की नायटा जायचा. खरं आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर गजकर्णाचं स्वरूप बदललं. हल्ली जास्त करून सापडणाऱ्या बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव २०२० मध्ये मिळालं. ती जांघेपुरती थांबत नाही, अंगभर पसरते, घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे सहज जाते. टर्बिनाफिन हे एके काळचं हुकमी औषध तिच्या पुष्कळ नमुन्यांवर चालत नाही. हे औषध बुरशीच्या ज्या विकराला (एन्झाइमला) पकडतं, त्याच विकराच्या जनुकात तिने बदल करून घेतला आहे. ही बुरशी आता आपल्यापुरती राहिलेली नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला तिचे तिथले पहिले रुग्ण नोंदवले गेले. या फैलावाला स्टेरॉइड मिसळलेल्या ट्यूबांनी हातभार लावला, असं बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

याचा साधा अर्थ एवढाच की उपचार आता लांबला आहे. चार आठवडे तर नक्कीच, कित्येकांना सहा-आठ आठवडे, आणि पसरलेला असेल तर मलमाबरोबर पोटातून औषध.

मलम लावायचं तर

इथे हिशोब चुकतो तो ट्यूबच्या मापाचा. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून सरळ रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम मलम होतं, आणि ते दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघांना मिळून एवढी जागा होतेच. दिवसातून दोनदा लावलं तर रोजचा एक ग्रॅम. म्हणजे १० ग्रॅमची ट्यूब दहा दिवस, आणि महिनाभराला तीन ट्यूबा. माणूस एकच नेतो आणि ती दोन महिने पुरवतो. मग 'औषध लागू पडलं नाही'.

लावायचं ते कोरड्या कातडीवर, आंघोळीनंतर पाचेक मिनिटं पंख्याखाली उभं राहून. चट्ट्यावरच नव्हे, कडेच्या बाहेर दोन बोटं सगळीकडून, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. आणि जागा पूर्ण साफ दिसू लागल्यावरही आणखी दोन आठवडे. लोक सोडतात ते नेमकं या दोन आठवड्यांत. ल्युलिकोनॅझोलसारखं मलम दिवसातून एकदाच पुरतं, क्लोट्रिमाझोल दोनदा लावावं लागतं. कॅन्डिडाला क्लोट्रिमाझोल चांगलं चालतं.

पोटातल्या गोळ्या मात्र चिठ्ठीवरच. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची असते, तिला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. सोबत आम्लपित्ताची गोळी घेतली की ती नीट शोषलीच जात नाही. आपल्याकडे सकाळी उठून अनशापोटी आम्लपित्ताची गोळी घेणारे घरटी एक. हृदय कमजोर असलेल्यांना इट्राकोनॅझोल चालत नाही, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी तिचं पटत नाही. यकृताचा त्रास असेल, दिवस गेले असतील, तर हे डॉक्टरला आधी सांगायचं.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. टाकळ्याचं बी वाटून नायट्यावर लावायची आपल्याकडे जुनी चाल आहे. हल्लीच्या चिवट नायट्याला तेवढ्याने आवर घालता येईल या भरवशावर राहू नये. पावसात टाकळ्याची भाजी खावी, ती उत्तम होते. पण बिब्बा लावू नका. काजूच्या टरफलातलं तेल आणि बिब्ब्याचं तेल एकाच कुळातल्या झाडांचं, दोन्ही कातडी भाजून काढतात. लसूण, चुना, पाणी न घालता ओतलेलं जंतुनाशक, यांनी होणारी जळजळ म्हणजे औषध काम करतंय असं लोक समजतात. ती भाजलेल्या कातडीची जळजळ असते. खोबरेल तेल निरुपद्रवी, पण ओल्या घडीत ते ओल कोंडून ठेवतं.

ओल

औषध कितीही चांगलं असलं तरी घडी ओलीच राहिली तर पुढच्या जूनला भेट ठरलेली.

कोकणातल्या घरात पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत. ते पडवीतल्या वलणीवर तीन दिवस लोंबतात, त्यांना कुबट वास येतो, आणि सकाळच्या घाईत माणूस चाचपून 'वाळलीय की' म्हणत तीच चड्डी चढवतो. चड्डी वाळते, पण तिची शिवण आणि कमरेचं इलास्टिक ओलंच असतं. ती ओळ नेमकी जांघेत बसते. यावर इस्त्रीइतका चांगला उपाय मला माहीत नाही. शर्टाला नसली तरी चालेल, चड्डीला, परकराला आणि ब्राच्या खालच्या पट्टीला इस्त्री करा, आतल्या बाजूने, शिवणीवर दाबून. ओल जाते आणि उष्णतेने बुरशीही मरते. लाईट गेलेली असेल तर चुलीच्या उबेला धरलेला कपडाही चालतो, धुराचा वास सोसायचा.

नायटा असलेल्याचे कपडे, पंचा आणि पांघरूण वेगळं धुवावं, कढत पाण्यात. ६० अंशांच्या आसपासचं पाणी लागतं, म्हणजे हात घालवणार नाही इतकं. वॉशिंग मशीनमध्ये गार पाण्यात सगळ्यांचे कपडे एकत्र फिरवले तर बुरशी मरत नाही, वाटली जाते. कोंड्याबरोबर गळालेले तिचे बीजाणू कपड्यांत आणि गादीत कित्येक महिने तग धरतात. गणपतीत घर भरलेलं असतं, माणसं पंधरा आणि पंचे चार. अशा वेळी आपला पंचा आपल्या खोलीत नेऊन ठेवणं आगाऊपणाचं वाटलं तरी ठेवावा. आणि घरात दोघांना खाज असेल तर दोघांचे उपचार एकाच वेळी. नवऱ्याने मलम लावलं आणि बायकोने लाजून सांगितलंच नाही, तर महिन्याभराने खेळ पुन्हा पहिल्यापासून.

कपड्यांत सैल आणि सुती. घरी लुंगी किंवा गाऊन, आत काही नसलं तरी बिघडत नाही. रात्रभर एसटीत जीन्स घालून येणाऱ्या चाकरमान्यांना हे सांगितलं की ते हसतात. पण ओल्या जीन्सइतका हळू वाळणारा कपडा नाही, आणि तिची जाड शिवण कुठे येते ते सगळ्यांना माहीत आहे. स्तनांच्या खाली किंवा पोटाच्या वळीत मऊ सुती कापडाची घडी घालून ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. बिनखर्चाचा उपाय आहे, आणि वजनदार बायकांना याने फार आराम पडतो. पावडर हवी तर कोरड्या जागेवर अगदी थोडी. ओल्या घडीत तिचा चिखल होतो. मेन्थॉलची पावडर गार वाटते, बस.

पायांकडे लक्ष कोणाचंच नसतं. लावणीत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. काम संपलं की पाय धुऊन प्रत्येक बेचकी फडक्याने टिपायची, रात्री उघडी ठेवायची. त्यात बुरशी शिरली, किंवा पायाची नखं जाड आणि पिवळट झाली असतील, तर तो साठा तिथेच राहतो. चड्डी चढवताना ती पायांवरून वर येते आणि बुरशी जांघेत पोचवते. म्हणून पायाला बुरशी असेल तर आधी मोजे घालायचे, मग चड्डी. ऐकायला विचित्र आहे, पण त्वचारोगतज्ज्ञ हे खरंच सांगतात.

आणि साखर. घडीतला कॅन्डिडा वर्षातून दोन-तीनदा येत असेल तर मलम घेण्याआधी रक्तातली साखर तपासा. कित्येकांना मधुमेह आहे हे असंच कळतं. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांनी गोळीचं नाव बघावं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी 'ग्लिफ्लोझिन'ने संपणारी औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे जननेंद्रियांवर आणि आसपास यीस्टची खाज वाढू शकते. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपयोगाचं आहे, म्हणून मनाने बंद करायचं नाही. डॉक्टरला खाजेबद्दल सांगायचं, एवढंच. लघवीनंतर जागा धुऊन टिपली तरी बराच फरक पडतो.

डॉक्टरकडे जाताना

ताप आला, जागा सुजून दुखू लागली, पू आला, लाली तासागणिक वर सरकू लागली, तर ती आता खाज राहिलेली नाही. जिवाणू आत शिरलेत. मधुमेह्याने आणि पायाला चिखल्या असलेल्याने अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना गाठावा. बाळ, गर्भवती, चेहऱ्यावर पसरलेला नायटा, आणि नीट लावूनही तीन-चार आठवड्यांत न हललेला चट्टा, यांनीही दुकानात वेळ घालवू नये.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाला, रिकाम्यासुद्धा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. कोणतं स्टेरॉइड किती महिने लावलं हे कळल्याशिवाय त्यांना चट्टा वाचता येत नाही. केओएच करायची असेल तर आधीचे काही दिवस मलम लावू नका, नाहीतर तपासणी खोटी 'नाही' दाखवते. स्टेरॉइड बंद केल्यावर पहिले आठ-दहा दिवस खाज उसळते, ते अपेक्षित असतं. तेवढ्यापुरती खाजेची गोळी मागून घ्या, जुन्या ट्यूबकडे हात नेऊ नका. 'थोडी खाज आहे' म्हणून बाहेरच्या बाहेर चिठ्ठी घेऊन येऊ नका, पडद्यामागे जाऊन जागा दाखवा. बाईंना संकोच वाटत असेल तर बाई डॉक्टर मागून घ्याव्यात. आणि चप्पल-मोजे काढून पायाची नखंही दाखवा, डॉक्टरने विचारलं नाही तरी.